इंग्रजी प्रावीण्य परीक्षेतील वाचन-प्रश्न आणि उत्तरतंत्रे : खान्देशच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजी प्रावीण्य परीक्षांमध्ये वाचन हा स्वतंत्र विभाग असतो. या विभागातील प्रश्न सोडविण्यासाठी काही ‘तंत्रे’ सांगण्याची प्रथा रूढ झाली आहे. मार्गदर्शक पुस्तके, खासगी शिकवण्या आणि महाविद्यालयीन स्पर्धा परीक्षा केंद्रे या सर्वांत ती जवळपास एकाच स्वरूपात आढळतात. प्रस्तुत लेखात या तंत्रांची चिकित्सा जळगाव व धुळे जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून केली आहे. तंत्रांचे तीन गट पाडून त्यांपैकी कोणते उपकारक, कोणते निरुपयोगी आणि कोणते अपायकारक आहेत, याचे विवेचन येथे केले आहे. मराठी व इंग्रजी वाक्यरचनेतील भेद, शब्दसंग्रहाची किमान पातळी आणि आपल्याकडील तात्पर्यनिर्णयाची परंपरा यांच्या आधारे महाविद्यालयीन अध्यापनासाठी एक पर्यायी दिशाही सुचविली आहे.

बीजशब्द : वाचनाकलन, प्रावीण्य परीक्षा, उत्तरतंत्र, अन्वय, तात्पर्यनिर्णय, खान्देश.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये इंग्रजीचे अध्यापन पूर्वी पाचवीपासून होत असे. सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. त्यानंतर शाळेत दाखल झालेल्या पिढ्या आता महाविद्यालयांतून बाहेर पडल्या आहेत. बारा वर्षे शाळेत आणि पुढे पदवीच्या वर्गात इंग्रजी शिकलेला विद्यार्थी अपरिचित इंग्रजी उतारा स्वतंत्रपणे वाचू शकतो काय, हा प्रश्न मात्र आजही आपल्या अभ्यासमंडळांपुढे उभा आहे. या प्रश्नाचे उत्तर आपल्या विद्यापीठीय परीक्षांतून मिळत नाही. ते विद्यार्थी जेव्हा आपल्या व्यवस्थेबाहेरची परीक्षा देतो, तेव्हा मिळते.

आयईएलटीएस ही अशा परीक्षांपैकी सर्वाधिक परिचित परीक्षा होय. १९८० मध्ये सुरू झालेल्या एका पूर्वपरीक्षेतून ती १९८९ मध्ये आजच्या नावाने पुढे आली. तिच्या शैक्षणिक शाखेच्या वाचन विभागात तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. तिन्ही उताऱ्यांची एकत्रित शब्दसंख्या २,१५० ते २,७५० इतकी असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ४० पैकी सुमारे २३ उत्तरे बरोबर आल्यास ६ बँड आणि ३० आल्यास ७ बँड मिळतो. बहुतेक विद्यापीठांची अपेक्षा ६ ते ७ यांच्या दरम्यान असते. म्हणजे सात प्रश्नांच्या फरकावर प्रवेशाचे दार उघडते किंवा बंद होते.

खान्देशातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा केवळ प्रतिष्ठेचा विषय नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. परंतु तेथवर पोहोचण्याचा मार्ग परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशातून जातो आणि त्या प्रवेशासाठी बहुधा इंग्रजीच्या प्रावीण्याचा दाखला लागतो. परीक्षेचे शुल्क अलीकडच्या वर्षांत पंधरा हजार रुपयांहून अधिक झाले आहे व गुणपत्रकाची मुदत साधारणतः दोन वर्षे मानली जाते. साक्री किंवा चोपडा तालुक्यातील शेतमजुराच्या घरातून आलेल्या मुलाला ही परीक्षा पुनःपुन्हा देणे परवडणारे नाही. म्हणून त्याला दिला जाणारा सल्ला कसा आहे, हे तपासणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.

प्रचलित तंत्रांचे स्वरूप

वाचन विभागासाठी सांगितली जाणारी तंत्रे सर्वसाधारणपणे अशी आहेत : प्रथम प्रश्न वाचावेत, नंतर उतारा, उताऱ्यावरून भरभर नजर फिरवून विषय ओळखावा, प्रश्नातील मुख्य शब्दाखाली रेघ ओढून तो शब्द उताऱ्यात शोधावा, परिच्छेदाचे पहिले व शेवटचे वाक्य तेवढे वाचावे, अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भाने ताडावा, प्रत्येक उताऱ्याला २० मिनिटे द्यावीत, कोणताही प्रश्न रिकामा सोडू नये.

ही यादी वरवर पाहता निर्दोष वाटते. परंतु तिच्यात तीन भिन्न प्रकारच्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. अँड्र्यू कोहेन व थॉमस अप्टन यांनी २००६ मध्ये टोफेलच्या तत्कालीन नव्या वाचन-प्रश्नांचा अभ्यास करताना वाचनाची तंत्रे, परीक्षा-व्यवस्थापनाची तंत्रे आणि परीक्षा-चातुर्याची तंत्रे असे तीन वर्ग केले आहेत. तोच भेद येथे उपयुक्त ठरतो. वेळेची वाटणी करणे आणि प्रश्न रिकामा न सोडणे हे व्यवस्थापन होय. परिच्छेदाची रचना ओळखणे, लेखकाचा मुद्दा व त्याचे उदाहरण वेगळे करणे हे वाचन होय. उतारा न समजताही शब्दाला शब्द जुळवून उत्तर गाठण्याचा प्रयत्न करणे हे चातुर्य होय.

व्यवस्थापन एका तासिकेत शिकविता येते आणि ते अवश्य शिकवावे. वाचन शिकविण्यास दोन-तीन वर्षे लागतात. चातुर्य मात्र तीन महिन्यांच्या वर्गात विकता येते. त्यामुळे बाजारात त्याचाच पुरवठा अधिक होतो. या तिसऱ्या गटाविषयी गंभीर आक्षेप आहेत.

तंत्रांचे मूळ आणि त्यांचे विस्थापन

भरभर नजर फिरवणे व नेमकी माहिती शोधणे ही कौशल्ये काही परीक्षार्थींनी शोधून काढलेली नाहीत. जॉन मनबी यांनी १९७८ मध्ये केलेली उपकौशल्यांची यादी, फ्रान्स्वाझ ग्रेले यांचे १९८१ चे व ख्रिस्तीन नटल यांचे १९८२ चे अध्यापनविषयक ग्रंथ यांतून ती जगभरच्या वर्गांत पोहोचली. त्यांच्यामागे केनेथ गुडमन यांचा १९६७ मधील सिद्धान्त होता. वाचक प्रत्येक अक्षर वाचत नाही, तो अंदाज बांधतो आणि मजकुरावर तो पडताळून पाहतो, असे गुडमन यांचे म्हणणे होते. परंतु गुडमन यांची निरीक्षणे आपली मातृभाषा वाचणाऱ्या मुलांविषयी होती, ही बाब आपल्याकडे फारशी लक्षात घेतली गेली नाही. मातृभाषेत अंदाज बांधणाऱ्या मुलाजवळ वाक्यरचना आधीच रुजलेली असते. त्याचा अंदाज पोकळीतून येत नाही.

परभाषेत काय घडते, याकडे मार्क क्लार्क यांनी १९८० मध्ये लक्ष वेधले. मातृभाषेत उत्तम वाचन करणारा प्रौढ वाचकही परभाषेचे ज्ञान तोकडे पडले की अकुशल वाचकासारखे वाचू लागतो, असे त्यांना आढळले. विजेच्या तारा एकमेकींना चिकटून प्रवाह खंडित व्हावा, तसा हा प्रकार असल्याचे त्यांनी म्हटले. १९८४ मध्ये चार्ल्स अल्डरसन यांनी हाच मुद्दा प्रश्नरूपाने मांडला : परभाषेतील वाचनाची अडचण ही वाचनाची अडचण आहे की भाषेची? पुढील संशोधनाने दोन्ही घटक मान्य केले, तथापि भाषाज्ञान अल्प असलेल्या वाचकाच्या बाबतीत भाषेची अडचण प्रधान ठरते, असाच कल दिसून आला. याचा सरळ अर्थ असा की, ज्यांना भाषा येते त्यांच्यासाठी तंत्र उपयोगी आहे. ज्यांना ती पुरेशी येत नाही त्यांना तंत्र आधार देऊ शकत नाही. आपण नेमके उलट करतो. भाषा कच्ची आहे म्हणून तंत्र शिकवतो.

शब्दसंग्रह आणि वेग : एक साधे गणित

संदर्भावरून अर्थ ताडावा, हा सल्ला शब्दसंग्रहाच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. हू व पॉल नेशन यांच्या २००० मधील अभ्यासानुसार मदतीशिवाय मजकूर पुरेसा समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ज्ञात असावे लागतात. २,५०० शब्दांच्या वाचन विभागात याचा अर्थ अनोळखी शब्द ५० च्या आसपास. ९० टक्के शब्द ज्ञात असतील तर अनोळखी शब्द २५० होतात, म्हणजे दर दहा शब्दांमागे एक. अशा स्थितीत ‘संदर्भ’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचे, त्या संदर्भातच पुन्हा अनोळखी शब्द असतात. एका अज्ञाताच्या आधारे दुसऱ्या अज्ञाताचा निर्णय होत नाही. ९८ टक्क्यांची ही पातळी गाठण्यासाठी लिखित मजकुराच्या बाबतीत आठ ते नऊ हजार शब्दकुळे माहीत असावी लागतात, असे नेशन यांनी २००६ मध्ये दाखविले.

वेगाचेही तसेच आहे. मिनिटाला १०० शब्द या गतीने वाचणाऱ्याला २,५०० शब्द एकदा वाचण्यास २५ मिनिटे लागतील व ४० प्रश्नांसाठी ३५ मिनिटे उरतील. मिनिटाला ६० शब्द वाचणाऱ्याला सुमारे ४२ मिनिटे लागतील आणि उरलेल्या १८ मिनिटांत प्रत्येक प्रश्नाला अर्धा मिनिटही येणार नाही. अशा विद्यार्थ्याला ‘उतारा पूर्ण वाचू नका’ असे सांगणे ही त्याची सोय वाटते. वस्तुतः तो त्याच्या गतीवरचा उपचार नव्हे. गतीचा प्रश्न त्यामुळे झाकला जातो इतकेच.

वाक्यरचनेतील भेद आणि शब्दजुळणीचे अपयश

प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधावा व त्या ओळीतून उत्तर उचलावे, हे तंत्र आपल्या विद्यार्थ्याला नवे नसते. शालेय परीक्षेत प्रश्नातील शब्द ज्या ओळीत असेल ती ओळ उतरवून देणाऱ्यास गुण मिळत आले आहेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकास हे ठाऊक आहे. प्रावीण्य परीक्षेत मात्र प्रश्नातील विधान बहुधा वेगळ्या शब्दांत मांडलेले असते आणि उताऱ्यातील समान शब्द अनेकदा चुकीच्या पर्यायात ठेवलेला असतो. अर्थात शब्दजुळणी हे तंत्र परीक्षकाने आधीच गृहीत धरलेले असते.

याहून महत्त्वाची बाब अशी की, मराठी वाचकाला इंग्रजी वाक्यात नेमके कोठे अडखळायला होते, याची दखल हे तंत्र घेतच नाही. येथे तीन स्थळे नमूद करतो.

पहिले स्थळ धातुसाधितांचे. उदाहरणार्थ, ‘द बनानाज सोल्ड ॲट सावदा रीच्ड डेल्ही’ असे वाक्य घेऊ. मराठीत ‘केळी विकली’ आणि ‘विकलेली केळी’ यांत रूपभेद आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘सोल्ड’ हे एकच रूप चालते. मराठी वाचक पहिले दिसलेले क्रियारूप मुख्य क्रियापद समजतो, ‘केळी सावद्याला विकली’ असा अर्थ करतो आणि पुढच्या क्रियापदापाशी गोंधळतो. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते व क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत नामाला जोडलेले लांबलचक उपवाक्य नामानंतर येऊन कर्ता व क्रियापद यांची ताटातूट करते. वाक्य लांबले की कर्ता हरवतो.

दुसरे स्थळ लपलेल्या नकाराचे. ‘टू वीक टू वॉक’ या रचनेत नकारदर्शक शब्द कोठेच नाही. मराठीत मात्र ‘इतका अशक्त की चालू शकत नव्हता’ असे स्पष्ट नकाराने सांगावे लागते. ‘अनलेस’ या एका शब्दासाठी मराठीला ‘जर... नाही, तर’ अशी रचना करावी लागते. ‘हार्डली’, ‘सेल्डम’, ‘फेल्ड टू’ यांतही नकार दडलेला असतो. उलट ‘नॉट अन्टिल’ या रचनेत नकार डोळ्यांना दिसतो, परंतु घटना घडलेली असते : पाऊस थांबेपर्यंत कालवा उघडला नाही, म्हणजे पाऊस थांबल्यावर तो उघडला. शब्द शोधणारा विद्यार्थी ‘नॉट’ पाहून विधान असत्य ठरवतो आणि गुण गमावतो.

तिसरे स्थळ परिमाणवाचकांचे. ‘अ फ्यू’ म्हणजे काही आणि ‘फ्यू’ म्हणजे फारसे कोणी नाही. एका उपपदाने वाक्याचा कल पालटतो. मराठीत उपपदेच नसल्याने विद्यार्थ्याची नजर त्यावर ठरत नाही. ‘मोस्ट’, ‘सम’, ‘ऑल’ यांच्या अदलाबदलीवर तर या परीक्षांतील कितीतरी प्रश्न उभे असतात.

ही तिन्ही स्थळे वाक्याच्या आत आहेत. भरभर फिरणारी नजर नेमकी त्यांच्यावरून घसरते. ज्या तंत्राने विद्यार्थ्याची अडचण पाहिलीच नाही, ते तिचे निवारण कसे करणार?

‘सांगितलेले नाही’ या पर्यायाचा प्रश्न

सत्य, असत्य आणि ‘सांगितलेले नाही’ अशा तीन पर्यायांचा प्रश्नप्रकार आपल्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक जड जातो, असा अध्यापकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. त्याचे कारण इंग्रजीत जितके आहे तितकेच आपल्या परीक्षापद्धतीत आहे. आपल्या प्रश्नपत्रिकेत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात असतेच, अशी विद्यार्थ्याची धारणा बनलेली असते. मजकूर एखाद्या मुद्द्यावर मौन बाळगू शकतो, ही कल्पनाच त्याला अपरिचित असते.

उदाहरणादाखल असा उतारा कल्पू की, पाटपाण्याच्या तुलनेत ठिबक सिंचनामुळे केळीच्या बागेत पाण्याची बचत झाल्याचे संशोधकांना आढळले. त्यावर विधान दिले : ‘ठिबक सिंचन पाटपाण्यापेक्षा स्वस्त पडते.’ रावेर-यावल भागातील विद्यार्थ्याला हा विषय घरचा असतो. संच बसविण्याचा खर्च, अनुदान, वीजबिल हे सर्व त्याने पाहिलेले असते. तो आपल्या अनुभवाने विधान सत्य किंवा असत्य ठरवतो. परंतु उताऱ्याने खर्चाविषयी काहीच म्हटलेले नाही. येथे विषयाचे ज्ञानच वाचनाच्या आड येते.

या प्रश्नप्रकारासाठी प्रचलित तंत्र असे सांगते की, मुख्य शब्द न सापडल्यास ‘सांगितलेले नाही’ हा पर्याय निवडावा. वरील उदाहरणात ‘ठिबक’ व ‘पाटपाणी’ हे दोन्ही शब्द उताऱ्यात सापडतात, तरीही उत्तर ‘सांगितलेले नाही’ असेच आहे. तेव्हा हे तंत्र येथे थेट चुकीच्या उत्तराकडे नेते. त्याऐवजी एक साधी कसोटी अधिक विश्वसनीय ठरते : विधान असत्य म्हणायचे असेल, तर त्याला खोडून काढणारे वाक्य उताऱ्यात बोट ठेवून दाखविता आले पाहिजे. तसे वाक्य नसेल व समर्थन करणारेही नसेल, तर मजकूर मौन आहे. ‘नाही’ म्हणणे आणि काहीच न म्हणणे यांतील हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. वर्तमानपत्रातील बातमी, शासकीय परिपत्रक किंवा कर्जाचा करारनामा वाचणाऱ्या प्रत्येक नागरिकाला त्याची गरज आहे.

तात्पर्यनिर्णयाची परंपरा आणि शीर्षकजुळणी

परिच्छेदाला योग्य शीर्षक जुळविण्याच्या प्रश्नासाठी ‘पहिले व शेवटचे वाक्य वाचा’ असा सल्ला दिला जातो. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, याचा विचार आपल्याकडे मीमांसकांनी फार पूर्वी केला असून त्याची ओळख मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तून झालेली आहे. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही ती सहा गमके होत. आरंभ व शेवट काय आहे, कशाची पुनरुक्ती होते, नवीन काय सांगितले आहे, त्याचा परिणाम कोणता, दृष्टान्त किंवा स्तुती म्हणून आलेला आनुषंगिक भाग कोणता आणि युक्तिवाद कोणता, असा हा क्रम आहे.

प्रचलित तंत्राने यांपैकी केवळ पहिले गमक उचलले आणि उरलेली पाच सोडून दिली. वस्तुतः शीर्षकजुळणीत सर्वाधिक उपयोगी ठरते ते अर्थवादाचे गमक. फसवे शीर्षक बहुधा परिच्छेदातील उदाहरणावरून बेतलेले असते. परिच्छेद मृदसंधारणाविषयी असतो, त्यात एका धरणाचा दाखला येतो आणि शीर्षकांच्या यादीत ‘धरण’ हा शब्द असलेला पर्याय ठेवलेला असतो. उदाहरण म्हणजे तात्पर्य नव्हे, हे ज्याला शिकविले आहे तो येथे फसत नाही. पूर्वग्रह बाजूला ठेवून ग्रंथाचाच अभिप्राय शोधावा, हा टिळकांचा आग्रहही या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. सहा गमकांची ही पद्धत संपूर्ण ग्रंथ वाचणाऱ्यासाठी आहे. ती वाचनाला पर्याय म्हणून आलेली नाही.

आपल्या परीक्षेचे उत्तरदायित्व

केवळ खासगी वर्गांना दोष देणे न्याय्य होणार नाही. नाशिक विभागीय मंडळाच्या कक्षेत जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. बारावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेची लेखी परीक्षा ८० गुणांची आहे. तीत अपठित उताऱ्याला १२ गुण असून २ गुणांच्या ६ कृती असतात. त्यांपैकी स्वमत, व्याकरण व शब्दसंपदा वगळल्यास शुद्ध आकलनाच्या तीनच कृती, म्हणजे ६ गुण उरतात. सारांशलेखनाचे ३ गुण त्यात मिळविले तरी बेरीज ९ होते. उरलेला बराचसा भाग नेमलेल्या पुस्तकावरील असल्याने त्याची उत्तरे तयार करून ठेवता येतात. कृतिपत्रिकेच्या रचनेत सामान्य आकलन, गुंतागुंतीची माहिती, अनुमान व स्वमत अशी चढती श्रेणी आहे, ही तिची जमेची बाजू होय. परंतु अपरिचित मजकुराला सामोरे जाण्याची सवय लावण्यास तिचा एवढा अंश पुरेसा नाही.

खान्देशातील भाषिक परिस्थितीही विचारात घ्यावी लागते. घरात अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी ही शाळेची भाषा असते व इंग्रजी त्यानंतरची. ज्या कवयित्रीचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले, त्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. भाषेची संपत्ती आणि वाचनाचे कौशल्य या दोन भिन्न गोष्टी असल्याचे याहून बोलके प्रमाण कोणते? आपल्या विद्यार्थ्याजवळ पहिली गोष्ट असते; दुसरी त्याला मिळवून द्यावी लागते. मातृभाषेतील वाचनाची सवय परभाषेच्या वाचनाला पोषक ठरते, हेही संशोधनाने मान्य केले आहे. म्हणून जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात जाऊन मराठी पुस्तक वाचणारा विद्यार्थी इंग्रजीपासून दूर जात आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पर्यायी दिशा

येथे एक आक्षेप संभवतो. परीक्षा तीन महिन्यांवर आली असताना वाचनसंस्कृतीची चर्चा विद्यार्थ्याच्या काय कामाची? आक्षेप रास्त आहे. तीन महिनेच हाती असतील तर व्यवस्थापनाची तंत्रे एकदा समजावून द्यावीत, प्रश्नप्रकारांचा परिचय करून द्यावा आणि उरलेला सर्व वेळ वाक्यवाचनाला द्यावा. परंतु महाविद्यालयाच्या हाती तीन महिने नसतात, तीन वर्षे असतात. हाच महाविद्यालयाचा खासगी वर्गांहून असलेला लाभ होय. त्या दृष्टीने पुढील उपाय सुचविता येतील.

१. अन्वयाचा अभ्यास. संस्कृत श्लोक किंवा पंतकवींची आर्या शिकविताना अर्थाआधी अन्वय लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. इंग्रजी वाक्याचाही अन्वय लावावा. मुख्य क्रियापद कोणते, त्याचा कर्ता कोण आणि नकार कोठे आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक लांब वाक्याला विचारावेत. चर्चा मराठीतून झाल्यास बिघडत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीची इंग्रजी बोली अवघडलेली असेल, पण वाक्याकडे बारकाईने पाहण्याची शिस्त त्या पिढीजवळ होती. भाषांतरपद्धतीचा त्याग करताना आपण ती शिस्तही टाकून दिली.

२. सोप्या मजकुराचे विपुल वाचन. मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील अनुभवावरून भारतीय विद्यार्थ्यासाठी वाचनालाच अग्रक्रम द्यावा, असे प्रतिपादन केले आणि मर्यादित शब्दसंख्येची वाचनमाला तयार केली. ज्या पुस्तकात दर शंभर शब्दांत दोनाहून अधिक अनोळखी शब्द नाहीत, असे पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. दिवसाला दोन पाने या प्रमाणात वर्षाला सातशेहून अधिक पाने होतात. गती अशा वाचनानेच वाढते.

३. आधारवाक्याची सक्ती. अंतर्गत मूल्यमापनात केवळ उत्तर न मागता ज्या वाक्यावरून ते काढले, ते वाक्य अधोरेखित करण्यास सांगावे. त्याबरोबरच प्रत्येक उताऱ्यावर एक तरी असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर उताऱ्यात नाही.

४. मराठी व इंग्रजी विभागांचे सहकार्य. तात्पर्य, दृष्टान्त, युक्तिवाद यांची ओळख मराठीच्या तासिकेत करून द्यावी व तीच परिभाषा इंग्रजीच्या तासिकेत वापरावी.

या उपायांना वेगळा निधी किंवा नवी पदे लागत नाहीत. ग्रंथालयातील पुस्तके आणि अध्यापकाची चिकाटी एवढेच लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, वाचन-प्रश्नांची उत्तरतंत्रे ही सरसकट त्याज्य नाहीत आणि सरसकट उपकारकही नाहीत. व्यवस्थापनाची तंत्रे मर्यादित अर्थाने उपयुक्त आहेत. वाचनाची तंत्रे भाषाज्ञानाच्या विशिष्ट पातळीनंतरच फलदायी होतात. शब्दजुळणीसारखी तंत्रे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला त्याच्या खऱ्या अडचणीच्या जागांवरून पुढे ढकलतात आणि तेथेच त्याचे गुण जातात. ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याला या तंत्रांच्या अपयशाची झळ लागत नाही, कारण तो तंत्राने नव्हे तर भाषेने उत्तीर्ण होतो. ज्याच्या घरी ती नाही, तो मात्र सल्ल्याप्रमाणे वागूनही अनुत्तीर्ण होतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. या अन्यायाचे निराकरण वर्गात होऊ शकते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका लांब इंग्रजी वाक्यातील कर्ता व क्रियापद स्वतः शोधता आले, तर त्या दिशेने पहिले पाऊल पडले, असे म्हणता येईल.